‘कोणात मिसळत नाही’

कारेगावला मी शाखाधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. रांजणगावची औद्योगिक वसाहत वाढत होती, गावात भाड्याच्या खोल्या उठत होत्या. शाखेत एक अविवाहित अधिकारी होता. दिवसअखेर त्याचा ताळा एका पैशानेही चुकायचा नाही. बदल्यांची यादी निघाली की त्याचे नाव आधी. ‘एकटा जीव, कुठेही जाईल,’ असे आम्ही म्हणायचो. त्याच्या गोपनीय अहवालात मी लिहिले होते, ‘काम चोख, पण कोणात मिसळत नाही.’

निवृत्तीनंतर तो एकदा घरी आला. सोबतच्या गृहस्थांची ओळख करून देत म्हणाला, ‘साहेब, बावीस वर्षं आम्ही एकत्र राहतो. आता सांगायला हरकत नाही.’ चहा झाला, ते गेले. माझे ते वाक्य मात्र मला अजून टोचते.

अलीकडे मायकेल कर्बी यांच्याविषयी वाचताना ते पुन्हा आठवले. 1939 साली सिडनीत जन्मलेले कर्बी 1975 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कायदा सुधारणा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे 1996 ते 2009 अशी तेरा वर्षे ते तिथल्या हायकोर्टाचे, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे, न्यायाधीश होते. 1969 पासून ते ज्यांच्यासोबत राहत आले, त्या जोहान यांचे नाव 1999 साली त्यांनी ‘हूज हू’ या परिचयग्रंथात जोडीदार म्हणून छापू दिले.

2002 साली एका सेनेटरने कर्बींवर सभागृहात घाणेरडा आरोप केला. सरकारी गाडीच्या नोंदीचा कागद पुरावा म्हणून पुढे आला आणि तो बनावट निघाला. सेनेटरला माफी मागावी लागली. कर्बींनी ती स्वीकारली. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला यातले मर्म लगेच कळते. बनावट व्हाउचर खपते ते जिथे वही बंद असते तिथे. ज्याने आपली वही स्वतःच उघडून ठेवली, त्याला धमकावणार कशाने? निवृत्तीनंतर 2013-14 मध्ये उत्तर कोरियातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

आपल्याकडे काय झाले? सौरभ कृपाल हे दिल्लीतील ज्येष्ठ वकील, माजी सरन्यायाधीशांचे पुत्र, आणि आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगणारे. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून 2017 साली त्यांची शिफारस झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने 2021 मध्ये ती उचलून धरली. सरकारचे आक्षेप दोन : जोडीदार परदेशी नागरिक, आणि हा उघडपणा. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर हे ज्यांच्या घराण्याचे गाव, ते धनंजय चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या 2018 च्या पाच न्यायमूर्तींच्या पीठातही ते होते. जानेवारी 2023 मध्ये त्यांच्या कॉलेजियमने शिफारस पुन्हा पाठवली आणि लिहिले की, हा उघडपणा कृपाल यांच्या जमेचीच बाजू आहे. तरीही नेमणूक झाली नाही.

‘खासगी गोष्ट खासगी ठेवावी, जाहीर कशाला?’ असे पुष्कळ सज्जन विचारतात. पण न्यायमूर्तींच्या परिचयात ‘पत्नी व दोन मुले’ असे छापले तर कोणाला ते जाहीर वाटत नाही. आमच्या बँकेच्या साध्या वारसनोंदीच्या फॉर्मवरही ‘नाते’ हा रकाना असतो. तुम्ही-आम्ही तो बेधडक भरतो. काहींना तिथे आयुष्यभर पेन थांबवावे लागते. राहिला पक्षपाताचा प्रश्न. शेतकऱ्याचा मुलगा न्यायाधीश झाला म्हणून जमिनीचे दावे त्याच्यापुढून आपण काढून घेतो का?

वाचकहो, तुमच्याही नात्यात एखादा ‘एकटा’ मामा किंवा काका असेल. लग्नकार्यात पंगती वाढतो, रात्रीच्या गाडीने परत जातो. त्याला कोणी विचारत नाही की घरी कोण वाट पाहते. त्याला जबरदस्तीने बोलते करू नये. पण तो बोललाच, तर ऐकणारे घर असावे.

त्या अहवालात ‘काम चोख’ एवढे पुरे होते. ‘मिसळत नाही’ हा शेरा खरे तर आम्हा उरलेल्यांच्या अहवालात हवा होता.