क्रम आपोआप लागत नाही!

मागच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला मला सी मधला साधा प्रोग्रॅम आला होता : डिरेक्टरीतल्या फाइल्सची नावं अकारविल्हे दाखवा. घरच्या लॅपटॉपवर दहा वेळा केलेला! ओपनडिर, रीडडिरचा लूप, शेवटी क्लोजडिर. यादी कशी सुरेख क्रमाने यायची. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "सॉर्टिंग कुठे आहे?" मी ठणकावून सांगितलं, "सर, ते आपोआप होतं." लॅबच्या लिनक्सवर रन केलं आणि... सगळी नावं इकडची तिकडे!

दोष लिनक्सचा नाही. रीडडिर क्रमाचं कसलंच वचन देत नाही. फाइल सिस्टिम ज्या क्रमाने नावं देईल, त्याच क्रमाने ते पुढे करतं. विंडोजची एनटीएफएस नावं मुळात क्रमाने साठवते, म्हणून घरी माझं निभावलं. लिनक्सची ईएक्सटी 4 सहसा नावांच्या हॅशच्या क्रमाने ती देते.

माझे मार्क गेले, एवढ्यावर भागलं. पण 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, रसायनशास्त्रातल्या एनएमआर आकडेमोडीच्या पायथन स्क्रिप्टमध्ये हीच चूक होती. ती 2019 मध्ये हवाई विद्यापीठाच्या संशोधकांना सापडली. फाइल्स क्रमानेच येणार असं स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं. तोच डेटा, तीच स्क्रिप्ट, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर वेगळं! एरर मेसेज मात्र एकही नाही.

म्हणून मला वाटतं, "आउटपुट आलं ना? मग जर्नलवर सही" ही पद्धत आता बंद व्हावी. सही करण्याआधी प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चालवून बघावा, आणि "हा क्रम कुठून आला?" एवढं तरी विचारावं.

उपाय अवघड नाही. नावं अ‍ॅरेत कॉपी करा आणि क्यूसॉर्टला द्या. तुलनेचं फंक्शन मात्र विचार करून लिहा. नुसतं स्ट्रकम्प बाइट्स बघतं, त्यामुळे 'फाइल10' ही 'फाइल2'च्या आधी येते. मराठी नावांत 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात, कारण युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'ला चिकटून बसलाय. वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो. (मी कॉन्व्हेंटवाली, हे मला आजीने सांगितलं!)

कॉम्प्युटर क्रम लावून देईल हो, पण कोणता, ते आपणच सांगायला हवं.