उंचीचे कौतुक आणि एक विसरलेली आठवण

नातू चौदाव्या वर्षीच आजोबांच्या डोक्यावर गेला की घरात त्याचे कौतुक होते. 'उंची आमच्या घराण्यातच आहे', असे आपण अभिमानाने सांगतो. बहुतेक घरांत हा अभिमान सार्थच असतो. परंतु उंचीबरोबर हातपाय व बोटे विलक्षण लांब आणि सडपातळ असतील, छातीचे हाड आत दबलेले अथवा पुढे आलेले असेल, पाठीचा कणा वाकडा असेल आणि लहानपणीच जाड भिंगांचा चष्मा लागला असेल, तर 'मार्फान सिंड्रोम' या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावयास हवी.

पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये अशा एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. त्यांचेच नाव पुढे या विकाराला मिळाले. शरीरातील अवयवांना आधार देणाऱ्या संयोजी ऊतींना 'फायब्रिलिन-१' हे प्रथिन बळकटी देते. पंधराव्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकात दोष असला, की ही वीण सैल पडते. सुमारे ५,००० व्यक्तींमध्ये एकाला हा विकार आढळतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र चारांतील एका रुग्णाच्या घराण्यात पूर्वी कोणालाही तो नसतो.

खरा धोका हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला असतो. तिची भिंत वर्षानुवर्षे हळूहळू फुगत जाते. त्या काळात काहीही दुखत नाही. मग एके दिवशी ती अकस्मात फाटते. छातीत किंवा पाठीत अचानक चिरल्यासारखी तीव्र वेदना झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

म्हणूनच ज्येष्ठांच्या आठवणींना येथे मोल आहे. ऐन तारुण्यात एकाएकी गेलेला एखादा उंच, किडकिडीत काका किंवा मामा तुम्हांला आठवतो का? 'हृदयविकाराचा झटका' एवढेच तेव्हा सांगितले गेले असेल. मुलामुलींच्या लग्नात अडचण नको, म्हणून अशा गोष्टी घरात दडपल्या जातात. त्या दडपू नका, डॉक्टरांना सांगा. त्या एका वाक्यावरून नातवाच्या तपासणीला दिशा मिळू शकते.

निदानासाठी टूडी-इको, नेत्रतपासणी आणि आवश्यकतेनुसार जनुकीय चाचणी करतात. निदान झाल्यास आईवडील व भावंडांचीही तपासणी व्हावी. महाधमनीवरील ताण कमी करणारी औषधे नियमित घ्यावीत, इको ठरल्या वेळी करावा. जड वजन उचलणे, कुस्ती, कबड्डी टाळावी. बेताने चालणे बहुधा चालते, तरी डॉक्टरांना विचारावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके महाधमनीला अपायकारक ठरू शकतात. म्हणून प्रत्येक डॉक्टरांना विकाराची कल्पना द्यावी. गर्भधारणेपूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य समजावा.

महाधमनी ठरावीक मर्यादेपलीकडे रुंदावल्यास, ती फाटण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने तो भाग बदलता येतो. पूर्वी अनेक रुग्ण तिशी-चाळिशीतच जात. आज वेळीच निदान झालेले कित्येक जण सत्तरीही पाहतात. तेव्हा नातवाच्या उंचीचे कौतुक अवश्य करा. मात्र त्या काकाची गोष्टही आता घरात सांगून टाका.