तेरचा पुरावा आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे आज आपल्या धाराशिव जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. पण ही ओळख पटायला विसावे शतक उजाडावे लागले. शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर येते आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचला जाते. तरीही हे नगर कुणी देवगिरीला शोधले, कुणी जुन्नरला, रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी ग्रीक मजकूर, कोरीव लेख आणि रस्त्यांची अंतरे पडताळून तेरचे नाव मांडले, उत्खनने त्यानंतरची. पुढे १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई येथे भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. म्हणजे आपल्या पांढरीतल्या वस्तूचा अर्थ लावायचा, तर रोम, ग्रीस आणि तांबडा समुद्र यांविषयीची पुस्तके हाताशी हवीत. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात असतात, आणि म्हणूनच ते ग्रंथालय केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांपुरते राहू नये, असे आमचे म्हणणे आहे.

सगळे मोबाईलवर मिळते, हा यावरचा पहिला आक्षेप. तो निम्माच खरा आहे. ‘पेरिप्लस’चे शॉफ यांनी १९१२ साली केलेले भाषांतर फुकट मिळते, लायनेल कॅसन यांची १९८९ची नवी आवृत्ती मात्र स्वामित्वहक्कात आहे. फुकटावर भिस्त ठेवणारा वाचक शंभर वर्षांपूर्वीच्या मतांवर अडकतो, आणि हे त्याला कळतही नाही. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली, ती सरकारी शिक्षणसंस्थांना. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये खासगी संस्थांची आहेत. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्राची जबाबदारी वाढते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पुस्तके हरवतील, मनुष्यबळ तोकडे आहे, आणि एवढे इंग्रजी वाचणार कोण? पण पुस्तक घरी न देता तिथेच बसून वाचू देण्यात हरवण्याची भीती फारशी उरत नाही. अनामत घेऊन आठवड्यातला एक दिवस बाहेरच्या वाचकांसाठी राखला, तर कर्मचाऱ्यांवरचा भारही आवाक्यात राहतो. इंग्रजीची अडचण खरी आहे. पण इतिहासाचा एक शिक्षक तिथे वाचून गेला, तर ते ज्ञान मराठीतून त्याच्या साऱ्या वर्गापर्यंत पोहोचते. दुष्काळी जिल्ह्याला आधी पाणी हवे, असेही कुणी म्हणेल. ते हवेच, मात्र वाचनाचा एक दिवस राखल्याने पाण्याच्या निधीला कात्री लागत नाही.

आपला इतिहास आपणच लिहावा, असा आग्रह हल्ली मोठ्या आवाजात धरला जातो. त्यासाठी अभिमान पुरत नाही, पुरावा तपासावा लागतो. बाहेरच्या वाचकांना प्रवेश देण्याचा निर्णय विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षापासून घ्यावा.