शजरा नको, फेरफार काढा

आमच्या शहरात जुने घर म्हटले की त्या घरात एक शजरा असतोच. ट्रंकेत, फडक्यात गुंडाळलेला. वर बिस्मिल्ला, खाली नावांची वेल. ही वेल आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी चढत बुखाऱ्याला नाहीतर बगदादला जाते आणि तिथून थेट अरबस्तानात पोचते. वाटेत फुलंब्री, कन्नड, पैठण, गंगापूर असले एकही गाव लागत नाही. एकही बाई लागत नाही. चौदाशे वर्षे पुरुषांना पुरुष होत राहिले, असा हा चमत्कार आम्ही लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांसमोर उलगडून दाखवतो.

त्याच ट्रंकेत, शजऱ्याच्या खाली, आणखी काही कागद असतात. पिवळे, कडा झिजलेले, मोहोर उमटलेले. मुंतखबाची नक्कल, पावत्या, एखादे बक्षीसपत्र, वारसाच्या चौकशीचा कागद. ते कोणी उलगडत नाही, कारण ते वाचता येत नाहीत. जो कागद खोटा असण्याची शक्यता फार, त्याला आम्ही अत्तर लावतो. आणि ज्यावर सरकारी मोहोर आहे, गावाचे नाव आहे, सर्व्हे नंबर आहे, त्याला वाळवी लागू देतो. आम्ही उर्दू शाळांतले मास्तर या दोन्ही कागदांच्या मध्ये उभे आहोत. गल्लीतले लोक जुना दस्त घेऊन शेवटी आमच्याकडेच येतात. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी हे कागद काय आहेत ते पाहू. आपल्याकडे इंग्रजांचे राज्य थेट नव्हते. निजामाचे होते, छावणीत आणि रेसिडेन्सीत इंग्रज होता. पण जमिनीचे दप्तर इंग्रजी धाटणीनेच बसवले गेले. सालारजंगांनी 1865 नंतर जिल्हे पाडले, तालुके नेमले, पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. दप्तर आधी फारसीत होते, 1880 च्या दशकात उर्दूत आले. त्यामुळे एकाच घराच्या तीन पिढ्यांचे कागद तीन तऱ्हांचे निघतात: पणजोबांचा फारसीत, आजोबांचा उर्दूत, वडिलांचा मराठीत. गावपातळीवरचा कागद मोडीतही सापडतो. लिपी शिकस्ता, म्हणजे नुक्ते टाकण्याची तसदी न घेणारी कारकुनी घसट. आकडे बऱ्याचदा सियाकचे, जे छापील उर्दू वाचणाऱ्याला मुळीच लागत नाहीत. तारखेला फसली साल, महिने आजूर, दै, बहमन. फसलीत 590 किंवा 591 मिळवायचे, महिना पाहून. 1358 फसली म्हणजे 1948-49. त्याच सालाच्या नावाने जहागिरी रद्द करणारा कायदा आहे.

मग 1950 चा कूळ कायदा, 1952 चा अतियात चौकशीचा कायदा, 1954 चा इनामे रद्द करणारा कायदा, आणि 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक. मराठवाड्यातल्या कोणत्याही मुसलमान घराची गोष्ट या पाच-सहा वर्षांत मोडते किंवा घडते. मदद माश, खिदमत माश हे शब्द आमच्या पोरांना परके वाटतात. प्लॉटिंगवाल्यांना मात्र ते तोंडपाठ आहेत. आमच्या आजोबांच्या इनामाचा वर्ग कोणता, हे आमच्यापेक्षा त्यांना आधी कळते, यातच काय ते समजावे.

आता या कागदांत आम्ही कोण निघतो? नवाब फारच थोडे. बहुतेक घरे कूळ म्हणून निघतात, मशिदीच्या दिवाबत्तीसाठी किंवा काजीपणासाठी मिळालेल्या तुकड्याचे इनामदार म्हणून निघतात, मुलाणी म्हणून निघतात. पिंजारी, बागवान, मोमीन, तांबोळी, मनियार. गावगाड्यात ज्याची जी जागा होती तीच कागदात आहे. हे ऐकून आमच्यातले काही नाराज होतात. इस्लाममध्ये जात नाही, असे म्हणतात आणि शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘शेख’ लिहून येतात. महाराष्ट्र शासनाचा 7 डिसेंबर 1994 चा निर्णय आला, मुस्लिम ओबीसींना दाखले मिळू लागले, तेव्हा हेच लोक 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा शोधत आमच्या दारात आले. आजोबा पिंजारी होते हे कुठे लिहिलेले सापडेल का, मास्तर? शजऱ्यात सापडणार नाही. तिथे तर तुम्ही त्यांना सय्यद करून टाकले.

आणि जे आम्हाला रोज विचारतात की तुम्ही कुठून आलात, त्यांनाही उत्तर याच कागदात आहे. गंमत अशी की ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणणारा आणि ‘आम्ही बुखाऱ्याचे’ म्हणणारा, दोघे एकच गोष्ट सांगत असतात. एक शिवी म्हणून, दुसरा फुशारकी म्हणून. फखरुद्दीन बेन्नूर सरांसारख्यांनी हयात घालवून सांगितले की इथला मुसलमान इथल्याच मातीतला, इथल्याच जातिव्यवस्थेतला आहे. 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते याच जाणिवेतून. त्या म्हणण्याला पुरावा आमच्याच ट्रंकेत पडून आहे आणि आम्ही तो वाचत नाही. 2023 पासून शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झाले. दस्तात औरंगाबाद आहे, त्याच्या आधी खडकी होते. नाव बदलले तरी सर्व्हे नंबर बदलत नाही. वल्दियत बदलत नाही.

वल्दियत म्हटले, तर आता खऱ्या दुखण्यावर यावे लागेल.

हे कागद लावून एखाद्या घराची वेल मांडायला बसा. वल्द अमुक, वल्द तमुक अशी पुरुषांची साखळी भराभर जुळते. मग खोळंबा होतो. बायका कुठे आहेत? आहेत, पण नावाने नाहीत. ‘जौजे’ म्हणून आहेत, ‘बेवा’ म्हणून आहेत, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून आहेत. नवरा मेला आणि मुलगा सज्ञान झाला, या दोन घटनांच्या मधल्या काळापुरती बाई दप्तरात येते आणि पुसली जाते. मुलगी त्याहून दुर्मीळ. इनामाच्या वारसाच्या कागदात तिचा उल्लेख असलाच तर गुजाऱ्यापुरता.

मराठी सातबाऱ्यावर आलात तरी चित्र फार बदलत नाही. भावांची नावे कब्जेदार सदरी, आणि बहिणींची, लावलीच तर, ‘इतर हक्क’ या कोपऱ्यात. कुठे कुठे तर मुसलमानाच्या सातबाऱ्यावर ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ सापडतो. शरियतमध्ये एकत्र कुटुंब ही कल्पनाच नाही. बाप गेल्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा होतो. पण थोरल्या भावाच्या सोयीचे असेल तेव्हा आम्ही शरियतही सोडतो आणि शेजाऱ्याचा कायदाही उसना घेतो.

आम्ही गणिताचे तास घेतो, म्हणून एक उदाहरण फळ्यावर मांडतो. चोवीस एकर जमीन. मागे विधवा, दोन मुलगे, एक मुलगी. विधवेला आठवा हिस्सा, तीन एकर. उरले एकवीस. मुलाला दोन तर मुलीला एक या मापाने पाच वाटे. प्रत्येक मुलाला आठ एकर सोळा गुंठे, मुलीला चार एकर आठ गुंठे. सूरे निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले आहेत, त्यात कोणा मौलवीच्या मर्जीचा भाग नाही. आता आपापल्या घरात बघा. आत्याच्या नावावर चार एकर आठ गुंठे कुठे आहेत? फुफी ईदला येते, भाऊ तिला साडी देतात, ती दुवा देते. चार एकरांची ती साडी.

यावर ठरलेले उत्तर येते की बहिणीने खुशीने हक्कसोड केले. तलाठ्याच्या कचेरीत अंगठा दिला. खुशी कशी मोजायची? ज्या बाईला माहीत आहे की सही नाकारली तर माहेरचे दार बंद, तिची खुशी आम्ही खुशी म्हणत नाही. लग्नात जहेज दिले, तोच तिचा हिस्सा, असेही सांगतात. जहेज हा वारसा नव्हे. बाप जिवंत असताना वारसा असतच नाही, एवढे तर मदरशातले पोरही सांगेल. हिंदू घरांतही हेच चालते, तिथेही 2005 च्या कायद्याने बरोबरीचा हक्क मिळालेल्या मुलींकडून हक्कसोड लिहून घेतले जाते. ते खरे आहे. पण शेजाऱ्याच्या घरात वाळवी आहे म्हणून आपल्या तुळया वाचत नाहीत.

हे आजचेही नाही. 1847 मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा समाजातल्या मुलींनी बापाच्या मिळकतीत कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. समोर घरचेच लोक. मुलींना हिस्सा न देण्याची आमची रूढी आहे, असे समाजाच्या वतीने सांगितले गेले. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी रूढी मान्य केली आणि मुली हरल्या. खटल्याच्या कागदात त्यांची नावे आहेत: हिरबाई, गंगबाई. ही नावे पुन्हा वाचा. मुसलमान घरातल्या बायकांची ही नावे, आणि शजऱ्यात शोधाल तर सापडणार नाहीत. कज्जा केला म्हणून त्या इतिहासात उरल्या. ज्यांनी कज्जा केला नाही त्या हजारोंचे काय झाले, हे आपल्याला आपल्याच घरात पाहून समजते. पुढे 1937 चा शरियत कायदा आला, रूढी हटवून शरियत लागू करण्यासाठी. त्यातही शेतजमीन वगळलेली होती. जिथे खरी मिळकत होती तेवढेच वगळले.

आम्हाला सांगितले जाते की ही वेळ नाही. कौम अडचणीत आहे, 1948 पासून जमिनी जात आहेत, सुंदरलाल समितीनेही घरेदारे आणि जमिनी बळकावल्याचे नोंदवले आहे, आणि तुम्ही घरातली धुणी चव्हाट्यावर धुता. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात जे झाले ते आम्ही विसरलेलो नाही. पण एक सांगा. 1948 मध्ये गेलेली जमीन परक्याने नेली. आत्याची जमीन कोणी नेली? वक्फचेच बघा. 2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात एक कलम आहे की वक्फ-अलल-औलाद केल्याने वारसांचा, स्त्री वारसांसह, हक्क बुडता कामा नये. सरकारच्या हेतूवर आम्हालाही शंका आहे आणि ती आम्ही उघड बोलतो. पण या कलमावर बोट ठेवायला जागा कोणी ठेवली? घरातल्या मुलींचे हिस्से वेळच्या वेळी दिले असते तर आज कोणाला आमच्या बहिणींचा कैवार घेऊन येता आले नसते. आणि त्याच वर्षी उमीद पोर्टलवर मिळकतींचे तपशील भरायची वेळ आली, तेव्हा जुने कागद लावण्यासाठी सगळ्यांची जी धावपळ झाली, ती पाहिलेल्यांना आम्ही अधिक काय सांगावे.

सरकारचीही एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शाळांत पट घसरतो, जागा रिकाम्या राहतात, उर्दू कशाला शिकायची असे खुद्द अधिकारी विचारतात. पण 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकालीन दप्तरे उघडली, समिती हैदराबादपर्यंत गेली, आणि मग उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची आठवण झाली. 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय तर हैदराबाद गॅझेटियरच्याच नावाने ओळखला जातो. मराठा शेतकऱ्याला त्याच्या पणजोबाची नोंद मिळावी, जरूर मिळावी. आमचा मुद्दा एवढाच की जी भाषा काल मुसलमानांची म्हणून बाजूला सारली होती, तीत साऱ्या मराठवाड्याची वल्दियत लिहिलेली निघाली. ती वाचणारा माणूस तयार करणारी व्यवस्था कुठे आहे?

आणि उर्दूच्या नावाने चालणाऱ्या आमच्या संस्था? वली आणि सिराज यांच्या नावाने मुशायरे होतात, शाली पांघरल्या जातात, रात्री दोनपर्यंत वाहवा चालते. होऊ द्या. पण वर्षातून आठ दिवस शिकस्ता आणि सियाक वाचायचे वर्ग घ्यायला काय लागते? एक फळा, जुन्या कागदांच्या झेरॉक्स आणि जुन्या दप्तरात नोकरी केलेला एखादा म्हातारा कारकून, तो आहे तोवर. गझल समजणारी पिढी राहीलच. मुंतखब वाचणारी पिढी आमच्या डोळ्यांदेखत संपते आहे.

आमच्याकडे जुने कागद वाचून घ्यायला येणाऱ्यांना आता आम्ही एक अट घालतो. पणजोबांचा दस्त आम्ही वाचून देऊ, फसलीचे इसवी करून देऊ, वेलही काढून देऊ. पण आधी वडिलांच्या मागचा वारस फेरफार दाखवा. त्यात बहिणींची नावे आहेत का, कोणत्या सदरी आहेत, हक्कसोड झाले असेल तर कोणत्या तारखेला आणि कशाच्या बदल्यात, हे आधी पाहू. काही जण कागद गुंडाळून उठून जातात. एकाने मागे म्हटले, मास्तर, तुम्ही तलाठी झालात. काही जण मात्र पंधरा दिवसांनी परत येतात, आणि सोबत बहिणीला घेऊन येतात. अशा वेळी आम्ही वेल काढतो ती नव्या कागदावर, आणि पहिले नाव तिच्याकडूनच विचारून घेतो: तुझ्या नानीचे नाव काय होते?