खोटी केस!



अलिबाग-मुरूडच्या या पट्टीत कबड्डी न् क्रिकेटवर जीव टाकणारी पोरं वस्तीवस्तीत आहेत. मीही टाकतो. पण बड्या खेळाडूवर बलात्काराचा आरोप आला की आपल्याच कट्ट्यावर जे ऐकू येतं त्यानं डोकं फिरतं. 'कशाला गेली होती त्याच्यासोबत?' 'पैसे उकळायचे असतील.' 'त्याला काय पोरींची कमी?' आणि शेवटी ठरलेला शेरा : 'खोटी केस!'

हे बोलणारे छातीवर निळा बिल्ला लावतात, म्हणून हे लिहितोय.

२० मार्च २०१८. महाडच्या सत्याग्रहाच्याच तारखेला सुप्रीम कोर्टानं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो म्हणून अटकेला अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. आपला सवाल एकच होता : तक्रार करणारा दलित आधीच खोटारडा कसा? त्याच ऑगस्टात संसदेला कायदा पूर्ववत करावा लागला. मग तोच सवाल बाईच्या वेळी घशात का अडकतो?

नेपाळचा संदीप लामिछाने घ्या. २०२२ मध्ये एका मुलीनं बलात्काराची तक्रार केली. खटला चालू असतानाच बोर्डानं त्याला संघात परत घेतलं. पाहुण्या स्कॉटलंडच्या खेळाडूंनी त्याच्याशी हात मिळवला नाही. जानेवारी २०२४ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली, मे मध्ये वरच्या कोर्टानं निर्दोष सोडलं. निकाल कोर्टानं द्यायचा. पण निकालाआधीच तिला खोटी ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? त्याच्या फिरकीनं?

म्हणाल, खेळाडूवर आमचं प्रेम आहे. झूट! २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक जंतरमंतरवर बसल्या. साक्षीकडे ऑलिंपिकचं पदक होतं. आरोप कुस्ती महासंघाचा अध्यक्ष, खासदार ब्रिजभूषण सिंहवर. त्यानं आरोप नाकारले. सुप्रीम कोर्टात गेल्यावर कुठे २८ एप्रिलला गुन्हा दाखल झाला, आणि २८ मे ला पोलिसांनी पोरींनाच फरफटत नेलं. तेव्हा कट्टा म्हणाला, 'राजकारण आहे.' म्हणजे पदक त्याच्या गळ्यात असलं की तो देव, तिच्या गळ्यात असलं तरी ती खोटीच!

मग जिच्या गळ्यात काहीच नाही तिचं काय? १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी पोरीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती! तुमचा 'कशाला गेली होती' हा त्याच निकालाचा भाऊ आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात लिहिलंय, बाईची बुद्धी चंचल, तिची साक्ष धरू नये. बाबासाहेबांनी तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडात, आपल्याच जिल्ह्यात जाळला. १९४९ ला घटना समितीत बजावलं, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे नेते. मैदानातली भक्ती कुठं नेते, ते कट्ट्यावर ऐका.

आरोप झाला की खेळाडूला फासावर द्या, असं मी म्हणत नाही. त्याला वकील मिळो, कोर्ट मिळो. पण तिला तिचं म्हणणं पुरतं सांगू द्या. तिच्या दारात शिव्या नकोत.

पुढच्या खेपेला कुणी 'खोटी केस' म्हणाला, तर त्याला विचारा : २ एप्रिलला तू रस्त्यावर कशासाठी उतरला होतास?

जयभीम.