वीज बाजारात आली. गरिबाचा दिवा कोण सांभाळणार?

विजेच्या क्षेत्रात स्पर्धा आली की दर उतरतील, असे आपणांस वीस वर्षांहून अधिक काळ सांगितले जात आहे. २००३ च्या वीज कायद्याने खासगी कंपन्यांसाठी दारे उघडली. पुढे जून २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. या बदलाचा हिशेब ख्रिस्ती सदसद्विवेकबुद्धीने तपासणे अगत्याचे आहे.

आपल्या राज्यात कारखाने व व्यापारी आस्थापने विजेला अधिक दर देतात. त्या अधिकच्या रकमेतून शेतकरी आणि थोडी वीज वापरणारी कुटुंबे यांचे दर कमी ठेवले जातात. यालाच ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात. नव्या कंपनीचा डोळा साहजिकच मोठ्या ग्राहकावर असतो. तो निघून गेला की मागे राहिलेल्यांचा भार कोणी उचलायचा?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टाटा पॉवरला मुंबईतील किरकोळ ग्राहकांनाही वीज विकण्याची मोकळीक मिळाली. उपनगरांतील ग्राहक कंपनी बदलू लागले, तेव्हा हाच वाद उभा राहिला आणि नियामक आयोगाला कंपनी बदलणाऱ्यांवर अधिभार लावावा लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप, ठाणे, नवी मुंबई परिसरासाठी समांतर परवाना मागितला. त्याविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले. किफायतशीर भाग खासगी कंपनीकडे आणि तोट्याचा भाग सरकारी कंपनीकडे, ही त्यांची भीती निराधार नव्हती. मात्र सरकारी कंपनीची गळती, थकबाकी आणि सेवेतील ढिलाई यांवर पांघरूण घालण्याचेही कारण नाही.

सौरऊर्जेलाही हीच कसोटी लावावी लागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. योजना स्तुत्य आहे. परंतु ज्याला स्वतःचे छप्परच नाही, त्या चाळीतल्या भाडेकरूने काय करावे? याउलट २०१७ सालच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’ची कल्पना अधिक न्याय्य वाटते. त्यात उपकेंद्राजवळ एकच सौर प्रकल्प उभारून त्या वाहिनीवरील सर्व शेतकऱ्यांना दिवसा वीज द्यायची असते. पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री, विंचूसापाच्या भयात शेतावर जाणाऱ्याला तिचे मोल ठाऊक आहे.

सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले. व्हॅटिकनने २००८ मध्ये पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सौरपट्ट्या बसवल्या. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमजवळील सांता मारिया दी गालेरिया येथे शेती व सौरऊर्जा यांची सांगड घालणाऱ्या प्रकल्पाचा आदेश काढला.

आपल्या चर्चची, शाळांची छपरेही मोठी आहेत. त्यांवर सौरपट्ट्या जरूर बसाव्यात. परंतु वाचलेल्या पैशांतील काही वाटा धर्मग्रामातील गरजू घरांच्या दिव्यासाठी बाजूला काढावा. तसेच दरवाढीवर व परवान्यांवर नियामक आयोग नागरिकांच्या हरकती मागवतो, तेव्हा आपल्या संस्थांनी गप्प राहू नये. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने पित्याचे औदार्य सांगताना सूर्याचाच दाखला दिला. त्या सूर्याची वीज मात्र ऐपत पाहून वाटली जाऊ नये, याची काळजी आपणच घ्यायची आहे.