घरचे काम आणि घरची मुले

घरी बसून काम केले की मुलांकडे आपोआप लक्ष राहते, असे पुष्कळांना वाटते. आम्हांलाही वाटे. तुये येथे ओटीवर बसून आम्ही ठेकेदाराच्या काजूबिया फोडून देत असू; मजुरी किलोवर. एकदा वायदा चुकू नये म्हणून मान वर न करता फोडत राहिलो, आणि धाकट्याने टरफले हाताळून तोच हात गालाला लावला. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते. डाग कित्येक दिवस गेला नाही.

चूक मुलाची नव्हती, आमच्या हिशेबाची होती. माल उचलताना आम्ही दिवसाचे आठ तास धरले. मुलाला भरवणे, निजवणे धरलेच नाही. ठेकेदार तर ते धरणारच नाही! म्हणून आमचे मत असे की, मूल झोपलेले किंवा आजीपाशी असते तेवढेच तास मोजावेत आणि तेवढाच माल घ्यावा. पुढचे काम जाईल ही भीती खरी आहे. आमचेही एकदा गेले.

टरफले झाकणाच्या डब्यात टाकावीत. साबणाने हात धुतल्याखेरीज मुलाला उचलू नये. तेल लागलेच तर साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धूत लगेच दवाखाना गाठावा.

माल, तारीख व दर वहीत लिहून ठेकेदाराची सही घ्यावी. घरी बसून काम करणाऱ्यांनाही 2021 साली सुरू झालेल्या ई-श्रमवर नाव घालता येते. आधार कार्ड जवळ ठेवावे.